भूगर्भातील नद्यांचे शोधक : एदुआर-आल्फ्रेद मार्तेल

फ्रान्सच्या दक्षिणेकडील डोंगराळ प्रदेशात चुनखडीच्या खडकाची चार विस्तीर्ण पठारे आहेत. सोव्हतेर, मेजां, नुआर आणि लार्झाक ही त्यांची नावे. तेथील बोलीत अशा पठाराला 'कॉस' असे म्हणतात. या पठारांवर पाऊस पडतो, बर्फही पडते. परंतु वाहता ओढा मात्र क्वचितच दृष्टीस पडतो. आकाशातून आलेले पाणी खडकातील फटींमधून पाहता पाहता नाहीसे होते. त्यामुळे येथील मेंढपाळ पिढ्यान् पिढ्या छपरावरचे पाणी हौदात साठवीत आले आणि मेंढ्यांसाठी दगडांनी फरसबंद केलेली उथळ तळी बांधीत आले. याच पठारांच्या मधून तार्न, झोंत आणि दुर्बी या नद्यांनी शेकडो मीटर खोल घळया कोरल्या आहेत. आश्चर्याची गोष्ट अशी, की वर थेंबभर पाण्यासाठी तरसणाऱ्या पठाराच्या पायथ्याशी, त्या घळयांच्या तळाला, कड्यांतून थंडगार आणि स्वच्छ पाण्याचे मोठमोठे झरे उसळत असतात.

वर नाहीसे होणारे पाणी आणि खाली उसळणारे पाणी यांच्यामध्ये नेमके काय घडते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतांशी तर्कावरच सोडलेला होता. दोरशिडी, मेणबत्ती आणि कापडी होडी घेऊन त्या अंधारात स्वतः उतरून उत्तर शोधणारे गृहस्थ भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. ते पॅरिसच्या व्यापारी न्यायालयात काम करणारे वकील होते. त्यांचे नाव एदुआर-आल्फ्रेद मार्तेल.

मार्तेल यांचा जन्म 1 जुलै 1859 रोजी पॅरिसजवळील पोंत्वाज या गावी झाला. घराणे कायदेपंडितांचे असल्याने मुलाने तोच मार्ग धरावा हे जवळजवळ ठरलेलेच होते. मात्र बालपणापासून त्यांचा ओढा भूगोलाकडे होता. ज्यूल व्हेर्न यांच्या कादंबऱ्या ते तहानभूक विसरून वाचत. 1866 मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, आईवडिलांसोबत पिरेनीज पर्वतात गेले असता त्यांनी गार्गासच्या गुहा पाहिल्या. 1877 मध्ये शालेय विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना भूगोलाचे पहिले पारितोषिक मिळाले. 1879 मध्ये त्यांनी त्या काळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेली आणि आज स्लोव्हेनिया देशात मोडणारी पोस्तोयनाची प्रसिद्ध गुहा पाहिली. तेथील अभ्यासकांनी भूमिगत नद्यांचा माग काढण्याचे काम मार्तेल यांच्या आधीच सुरू केले होते. ट्रिएस्ट शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून 1841 मध्ये लिंडनर नावाच्या शोधकाने तीनशे मीटरहून अधिक खोल विवरातून भूमिगत नदी गाठली होती. त्यामुळे मार्तेल यांना या विद्येचे पहिलेच साधक म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. विखुरलेल्या धाडसांना त्यांनी पद्धतशीर शास्त्राचे रूप दिले, हे त्यांचे श्रेय.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रातील वाचकाला गुहा म्हटले की वेरूळ, अजिंठा किंवा कार्ले येथील लेणी आठवतात. ती माणसाने काळ्या पाषाणात छिन्नी-हातोड्याने कोरलेली आहेत. चुनखडीच्या प्रदेशातील गुहा मात्र पाण्याने घडविलेल्या असतात. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडीला हळूहळू विरघळवीत जाते. फट रुंदावते, तिची नळी होते, नळीचे भुयार होते आणि भुयारातून ओढा वाहू लागतो. एखाद्या दालनाचे छत कोसळले, की जमिनीवर विहिरीसारखे विवर उघडे पडते. मेघालयातील गुहा आणि आंध्र प्रदेशातील बोर्रा गुहा याच प्रकारात मोडतात.

1883 मध्ये मार्तेल प्रथम कॉस पठारांवर आले आणि त्या प्रदेशाने त्यांना कायमचे बांधून टाकले. त्या वेळी तार्नच्या घळईची कीर्ती नुकतीच बाहेर पोहोचू लागली होती. सुमारे पन्नास किलोमीटर लांबीच्या या घळईतून प्रवास करायचा तर स्थानिक नावाड्यांच्या सपाट बुडाच्या होड्यांवाचून दुसरा सोयीचा मार्ग नव्हता. दोन्ही बाजूंना चारशे-पाचशे मीटर उंचीचे कडे, मध्ये हिरवट पाणी, आणि कड्यांच्या पायाशी उगम पावणारे झरे. नुआर पठारावरील मोंपेलिए-ल-व्हिए येथे खडकांची झीज होऊन एखाद्या उद्ध्वस्त नगरासारखे दृश्य निर्माण झाले आहे. त्याचे सविस्तर मोजमाप करून मार्तेल यांनी नकाशा तयार केला. वकिलीच्या कामातून मिळणाऱ्या उन्हाळी सुट्ट्या ते याच कामी खर्च करू लागले. सुरुवातीची ही भ्रमंती निसर्गसौंदर्याच्या ओढीने झाली, यात शंका नाही. परंतु नकाशा काढणारा माणूस केवळ सौंदर्यावर थांबत नाही. रेघ जेथे तुटते तेथे त्याला अस्वस्थ वाटते. कॉस पठारांच्या नकाशावर नद्यांच्या रेघा जागोजागी तुटलेल्या होत्या.

अशीच एक तुटलेली रेघ एग्वाल पर्वताच्या परिसरात होती. कांप्रिए गावाजवळ बॉनर नावाचा ओढा एका भुयारात शिरतो आणि दिसेनासा होतो. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ सुख असा होतो. सुमारे सातशे मीटर अंतरावर, बऱ्याच खालच्या पातळीवर, एका उंच कपारीतून तोच ओढा प्रचंड आवाज करीत बाहेर पडतो. तेथे त्याला ब्रामाबियो म्हणतात. हंबरणारा बैल असा त्याचा अर्थ. पावसाळी दिवसांत पाण्याचा घुमणारा आवाज खरोखरच तसा भासतो. दोन्ही टोके गावकऱ्यांना ठाऊक होती, मधला मार्ग मात्र कोणी पाहिलेला नव्हता. 27 आणि 28 जून 1888 या दोन दिवसांत मार्तेल आणि त्यांचे साथीदार या मार्गातून आरपार गेले. कमरेइतक्या थंड पाण्यातून चालणे, धबधब्यांच्या कडेने दोरावर उतरणे, निसरड्या दगडांवर एका हाताने मेणबत्ती सांभाळणे असे या प्रवासाचे स्वरूप होते. फ्रान्समधील गुहाविज्ञानाचा आरंभ याच दिवसापासून मानला जातो.

या मोहिमेतील एक साथीदार लुई आर्मां यांचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे. झोंत आणि तार्न या नद्यांच्या संगमावरील ल रोझिए गावचे ते लोहार. लोखंडाची आणि दोराची जाण, विलक्षण शारीरिक बळ आणि न डगमगणारे मन यांमुळे ते मार्तेल यांचा उजवा हात बनले. त्यानंतरच्या बहुतेक मोठ्या मोहिमांत हे दोघे एकत्र दिसतात. पॅरिसचा सुशिक्षित वकील आणि खेड्यातील लोहार यांची ही जोडी त्या काळच्या फ्रेंच समाजात सहज जुळणारी नव्हती. मार्तेल यांच्या लेखनातून आर्मां यांना त्यांचे श्रेय मोकळेपणाने मिळाले, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे. एमिल फुल्किए हे आणखी एक स्थानिक मदतनीस आणि नात्यातील गाब्रिएल गोपिया हे सहकारीही या चमूत होते. 1888 च्या त्याच उन्हाळ्यात त्यांनी दारगिलां येथील गुहेचा शोध घेतला. कोल्ह्याचा पाठलाग करणाऱ्या एका मेंढपाळाला 1880 मध्ये या गुहेचे तोंड सापडले होते. परंतु आत शिरण्याचे धाडस फारसे कोणी केले नव्हते.

पुढील वर्षी हा चमू अधिक पश्चिमेला, लॉत जिल्ह्यातील पादिराक येथे गेला. तेथील पठारावर सुमारे 35 मीटर रुंदीचे आणि 75 मीटर खोलीचे एक गोल विवर आहे. आसपासच्या लोकांत त्याबद्दल एक दंतकथा प्रचलित होती. सैतानाने संत मार्तेन यांची वाट अडविण्यासाठी टाच आपटून जमीन फोडली आणि संतांच्या खेचराने एका उडीत ते विवर पार केले, असे सांगत. अशा जागी उतरणे म्हणजे गावकऱ्यांच्या दृष्टीने शहाणपणाचे लक्षण नव्हते. 9 जुलै 1889 रोजी मार्तेल, गोपिया, आर्मां आणि फुल्किए हे चौघे दोरशिडीने तळाशी उतरले. दगडांच्या ढिगाऱ्याच्या कडेने आणखी खाली जाता जाता जमिनीपासून 103 मीटर खोलीवर त्यांना वाहते पाणी सापडले. थोडे पुढे गेल्यावर पाणी इतके खोल झाले की पायी जाणे अशक्य होते.

मार्तेल यांच्याजवळ अमेरिकी बनावटीची, घडी करून नेता येणारी कापडी होडी होती. तिला त्यांनी क्रोकोडाइल, म्हणजे मगर, असे नाव दिले होते. दुसऱ्या दिवशी ही होडी विवरातून खाली उतरविण्यात आली आणि त्यात जेमतेम दोघांना जागा असल्याने मार्तेल व गोपिया पुढे निघाले. दोन्ही बाजूंना भिंतींसारखे खडक, वर अंधारात हरवलेले छत, खाली काचेसारखे स्थिर पाणी. ठिकठिकाणी चुन्याच्या थरांनी बनलेले नैसर्गिक बंधारे आडवे येत. तेथे उतरून होडी उचलून पलीकडे न्यावी लागे. अशा रीतीने त्यांनी सुमारे दोन किलोमीटरचा प्रवास केला. पुढील वर्षी ते पुन्हा आले, तेव्हा 94 मीटर उंचीचे एक भव्य दालन त्यांना आढळले. एखादे मोठे देवालय शिखरासह आत मावेल एवढा तो घुमट आहे.

पादिराकच्या शोधाने मार्तेल यांचे नाव फ्रान्सभर झाले. 1898 मध्ये तेथे प्रवासी येऊ लागले आणि 1899 च्या एप्रिलमध्ये शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांच्या हस्ते या स्थळाचे रीतसर उद्घाटन झाले. जमिनीखालच्या नदीतून होडीने फिरण्याची सोय करणारे हे स्थळ आजही फ्रान्समधील सर्वाधिक भेट दिल्या जाणाऱ्या गुहांपैकी एक आहे. परंतु मार्तेल यांच्या जीवनाला वळण देणारी घटना पादिराकमध्ये घडली नाही. ती त्याच जिल्ह्यातील ला बेरी नावाच्या एका साध्या झऱ्याजवळ घडली.

1891 च्या उन्हाळ्यात विवरांची पाहणी करीत असता मार्तेल यांनी या झऱ्याचे पाणी प्यायले. पाणी थंड होते, नितळ होते, चवीलाही चांगले होते. खडकातून गाळून आलेल्या पाण्याइतके शुद्ध पाणी दुसरे नाही, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता आणि अनेक जाणकारही तोच समज बाळगून होते. मार्तेल मात्र ते पाणी पिऊन आजारी पडले. नंतर झऱ्याच्या वरच्या बाजूला असलेल्या विवरात ते उतरले, तेव्हा तळाशी वासराचे कुजत पडलेले प्रेत त्यांना दिसले. त्या प्रेतावरून वाहणारे पाणी खडकातील वाटांनी सरळ खालच्या झऱ्यात पोहोचत होते.

यात त्या गावच्या शेतकऱ्यांचा दुष्टावा नव्हता. कॉस पठारांवर मातीचा थर इतका पातळ असतो की मेलेले जनावर पुरण्यासाठी खड्डा खणणे हे मोठेच कष्टाचे काम. त्यातून जनावर सांसर्गिक रोगाने मेले असेल तर ते लवकरात लवकर दृष्टीआड करणे भाग असे. जवळच तळ न दिसणारे विवर असताना दुसरा विचार कोणी का करावा? वर टाकलेले प्रेत कायमचे नाहीसे झाले, अशीच सर्वांची प्रामाणिक समजूत होती. खालच्या दरीतील गावात ताप किंवा अतिसाराची साथ आली, तर तिचा संबंध वरच्या पठारावरील विवराशी जोडण्याचे कारणही कोणाला दिसत नव्हते. वरची वस्ती आणि खालची वस्ती यांच्यामधील दुवा अंधारात होता.

तो दुवा मार्तेल यांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. वाळूतून किंवा मुरुमातून झिरपणारे पाणी कणाकणांतून गाळले जाते. त्याला वेळ लागतो आणि त्या वेळात बरीच घाण मागे राहते. चुनखडीत असे घडत नाही. तेथे पाणी झिरपत नाही, तर नळांतून आणि भुयारांतून धावते. वरचे पाणी काही तासांत किंवा काही दिवसांत, गाळले न जाता, जसेच्या तसे झऱ्याला येऊन मिळते. म्हणजेच चुनखडीच्या प्रदेशातील झरा हा खऱ्या अर्थाने झरा नसून जमिनीखालून वाहत आलेल्या ओढ्याचे पुनरागमन असते. ब्रामाबियोच्या भुयारात आणि पादिराकच्या नदीवर जे दृश्य त्यांना रम्य वाटले होते, तेच आता सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने भयावह ठरले. एक गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. लुई पाश्चर यांच्या संशोधनामुळे रोगजंतूंची कल्पना तोवर फ्रान्समध्ये रुजली होती. मार्तेल यांनी त्या जंतूंच्या प्रवासाचा मार्ग दाखविला.

हा निष्कर्ष सर्वांना मान्य होण्यास वेळ लागला. जमिनीखाली सर्वत्र पाण्याचा अखंड थर पसरलेला असतो, या प्रस्थापित मताला मार्तेल यांनी चुनखडीच्या बाबतीत ठाम विरोध केला. विज्ञानाची पदवी नसलेल्या एका वकिलाने शास्त्रज्ञांना धडे द्यावेत, हे काहींना रुचले नसल्यास नवल नाही. मार्तेल यांचा स्वभावही वादात माघार घेणारा नव्हता, आणि आपल्या मताच्या समर्थनार्थ ते काही वेळा गरजेपेक्षा पुढे जात. चुनखडीतही बारीक भेगांमध्ये पाण्याचा मोठा साठा असू शकतो, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले आहे. परंतु प्रदूषणाच्या मूळ मुद्द्यावर ते अचूक होते आणि वकिलीत कमावलेली चिकाटी त्यांना येथे उपयोगी पडली. लेख, व्याख्याने, शासकीय अहवाल अशा सर्व मार्गांनी त्यांनी हा विषय लावून धरला. अखेर 15 फेब्रुवारी 1902 रोजी फ्रान्समध्ये सार्वजनिक आरोग्याच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यात विवरांमध्ये जनावरांची प्रेते किंवा कुजणारे पदार्थ टाकण्यास मनाई करण्यात आली. तसेच पिण्याच्या पाण्यासाठी बांधून घेतलेल्या झऱ्यांभोवती संरक्षित क्षेत्र आखण्याची तरतूद करण्यात आली. तो फ्रान्समध्ये मार्तेल यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

दरम्यानच्या काळात त्यांचे अन्वेषण थांबलेले नव्हते. 1894 मध्ये त्यांचा 'अगाध विवरे' या अर्थाचे नाव असलेला मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1895 मध्ये त्यांनी गुहांच्या अभ्यासासाठी स्पेलिऑलॉजी संस्थेची स्थापना केली. 'स्पेलुंका' हे तिचे नियतकालिक. देशोदेशींचे अभ्यासक या संस्थेशी जोडले गेले. त्याच वर्षी ते इंग्लंडमध्ये यॉर्कशर परगण्यातील गेपिंग गिल या विवराजवळ पोहोचले. तेथे एक ओढा शंभर मीटरहून अधिक खोल कोसळतो. यापूर्वी स्थानिक साहसवीरांचे प्रयत्न अर्ध्यावरच राहिले होते. 1 ऑगस्ट 1895 रोजी मार्तेल दोरशिडीवरून, अंगावर कोसळणारे थंड पाणी सोशीत, एकटे तळाशी उतरले. वर टेलिफोनच्या यंत्रापाशी त्यांच्या पत्नी आलीन बसून होत्या. विवरात शिट्टी किंवा हाक पाण्याच्या आवाजात विरून जाते; म्हणून तारेने जोडलेला टेलिफोन सोबत नेण्याची पद्धत मार्तेल यांनी अंगीकारली होती. आलीन या भूगर्भशास्त्रज्ञ लुई द लोने यांच्या भगिनी. 1896 मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर द्राकच्या गुहांत मार्तेल यांनी एक विशाल भूमिगत सरोवर शोधून काढले. ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

सप्टेंबर 1897 मध्ये आर्मां यांनी मेजां पठारावर एक अज्ञात विवर हेरले. 19 सप्टेंबर रोजी प्रथम आर्मां आणि त्यानंतर मार्तेल व आर्मां व्हिरे हे सहकारी त्यात उतरले. 75 मीटरच्या उभ्या विहिरीखाली एक प्रचंड दालन होते. मॅग्नेशियमच्या पांढऱ्या प्रकाशात त्यांना जमिनीतून वर वाढलेल्या शेकडो ऊर्ध्वमुखी लवणस्तंभांचे जणू अरण्य दिसले. त्यांतील सर्वांत उंच स्तंभ सुमारे 30 मीटरचा आहे. छतावरून ठिबकणाऱ्या थेंबाथेंबातून चुना साचत साचत अशी उंची गाठण्यास किती सहस्रके लागली असतील, याची कल्पनाच केलेली बरी. मार्तेल यांनी या विवराला आपल्या लोहार मित्राचे नाव दिले. 'आवेन आर्मां' या नावानेच ते प्रसिद्ध आहे. 1927 मध्ये भुयार खोदून ते प्रवाशांसाठी खुले करण्यात आले. लुई आर्मां यांचे त्यापूर्वीच, 1921 मध्ये, निधन झाले होते.

1899 मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मार्तेल यांनी वकिली सोडली. कृषी मंत्रालयासाठी पिण्याच्या पाण्याच्या उगमांची तपासणी करण्याचे काम ते करू लागले. या कामी त्यांचे मुख्य साधन म्हणजे फ्ल्युओरेसिन हा रंग. अत्यल्प प्रमाणातही तो पाण्याला हिरवी चमक देतो. वरच्या विवरात तो सोडायचा आणि खालच्या झऱ्यांवर पहारा ठेवायचा, अशी ही साधी पण निर्णायक पद्धत होती. तिचे महत्त्व लोकांना पटवून देण्यास एका विचित्र अपघाताने मोठेच साह्य केले. ऑगस्ट 1901 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीमेजवळील पोंतार्लिए गावात वीज पडून मद्याच्या एका कारखान्याला आग लागली. स्फोट टाळण्यासाठी तेथील अॅब्सिंथ नावाचे मद्य मोठ्या प्रमाणावर दू नदीत सोडून देण्यात आले. दोन दिवसांनी कित्येक किलोमीटर दूर असलेल्या लू नदीच्या उगमाला त्या मद्याचा वास येऊ लागला. लू ही स्वतंत्र नदी नसून दू नदीचेच पाणी जमिनीखालून तेथे पोहोचते, हे यावरून दिसून आले. 1910 मध्ये मार्तेल यांनी रंगाच्या साहाय्याने प्रयोग करून या संबंधाला शास्त्रीय पुष्टी दिली.

1905 मधील व्हेर्दों नदीची मोहीमही पाण्याच्या शासकीय पाहणीतूनच निघाली. दक्षिण फ्रान्समधील या नदीने सुमारे 21 किलोमीटर लांबीची आणि काही ठिकाणी सातशे मीटर खोलीची घळई कोरली आहे. लाकूडतोडे आणि मेंढपाळ तिच्या काही भागांत उतरत असत. परंतु नदीच्या पात्रातून संपूर्ण घळई पार केल्याची नोंद नव्हती. मार्तेल यांच्यासोबत लुई आर्मां होते, आर्मां जाने हे अभियंते होते आणि रुगों गावचे शाळामास्तर इझिदोर ब्लाँ हेही होते. मास्तरांना घळईच्या कडेकपारी पाठ होत्या. 11 ते 14 ऑगस्ट या चार दिवसांत त्यांनी ही घळई पार केली. होड्या अनेकदा खडकांवर आपटल्या. कित्येक ठिकाणी त्या खांद्यावर घेऊन अजस्र शिळांवरून चालत जावे लागले. नदीचा रोरावता प्रवाह अरुंद जागी एखाद्या भिंतीसारखा समोर उभा राही. या प्रवासाच्या वर्णनाने व्हेर्दोंची घळई युरोपातील प्रमुख निसर्गस्थळांत गणली जाऊ लागली. तिच्या तळाने जाणाऱ्या पायवाटेला पुढे मार्तेल यांचे नाव देण्यात आले. नदीवर नंतर बांधलेल्या धरणांमुळे तिचा प्रवाह आज नियंत्रित झाला आहे. मार्तेल यांनी अनुभवलेली मोकळी व्हेर्दों आता उरलेली नाही.

1903 मध्ये रशियन सरकारच्या निमंत्रणावरून त्यांनी काकेशसच्या काळ्या समुद्रालगतच्या भागाचा अभ्यास केला. 1912 मध्ये अमेरिकेतील मॅमथ गुहेलाही त्यांनी भेट दिली. 1907 मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांच्या कार्याचा पारितोषिक देऊन गौरव केला. पहिल्या महायुद्धानंतर वयोमानानुसार त्यांचे गुहांत उतरणे कमी झाले आणि लेखन वाढले. भूमिगत पाण्यावरील त्यांचा विस्तृत ग्रंथ 1921 मध्ये, तर कॉस पठारे व तार्नच्या घळया यांवरील पुस्तक 1926 मध्ये प्रसिद्ध झाले. 1928 पासून काही वर्षे ते पॅरिसच्या भूगोल संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर रोबेर द जोली, नोर्बेर कास्तेरे यांच्यासारख्या शोधकांनी हलक्या तारेच्या शिड्या आणि नवी साधने घेऊन हे काम पुढे नेले. 3 जून 1938 रोजी, मोंब्रिझोंजवळच्या सँ-तोमा-ला-गार्द येथे वयाच्या 78 व्या वर्षी मार्तेल यांचे निधन झाले. कॉस आणि सेव्हेन हा प्रदेश 2011 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. तेथील मेंढपाळांच्या जीवनपद्धतीचा आणि तिने घडविलेल्या भूदृश्याचा हा सन्मान आहे.

पादिराकची नदी कोठे जाते, या प्रश्नाचे प्रत्यक्ष प्रमाण मार्तेल यांच्या हयातीत मिळाले नव्हते. 1947 मध्ये गी द लाव्होर यांनी त्या नदीत फ्ल्युओरेसिन सोडले. तो रंग कित्येक किलोमीटरवरील मोंव्हालां येथे, दोर्दोन्य नदीकाठच्या झऱ्यांतून बाहेर पडला. या भुयारांची ज्ञात लांबी आज 40 किलोमीटरहून अधिक आहे. 1990 च्या दशकात पाणबुड्यांनी पादिराकच्या विवरातून आत शिरून, पाण्याने पूर्ण भरलेली भुयारे पोहून, दोर्दोन्यच्या काठी डोके वर काढले.